कसरीची भूक

कागदाला वास असायचा तेव्हाची गोष्ट. एका लहानशा कॉलेजच्या ग्रंथालयात एक चंदेरी कसर राहायची. तिला चटक लागली होती नावांची. मुलामुलींच्या जुन्या हस्तलिखित अंकांतून ती नेमकी नावं कुरतडायची. कविता उरायची, लिहिणारी जायची.

मग तिथे स्कॅनर आला. ग्रंथपाल खरातबाई एकेक पान त्याच्या काचेवर पालथं घालू लागल्या.

"बये, सरक," स्कॅनर म्हणाला. "या पानावर जे असेल ते मी कायमचं ठेवून घेतो."

"ठेव की! एवढी इंदुमती शेलार संपवते आणि निघते."

झाकण दाबलं गेलं. पांढरा उजेड कसरीच्या अंगावरून सरकत गेला.

खरातबाईंनी झाकण उघडलं आणि काचेवरची चंदेरी भुकटी फुंकून टाकली.

कसरीला हसू आलं. ती तर पानावरच होती, इंदुमतीच्या नावाला तोंड लावून! तिने चावा घेतला. अक्षर तसंच राहिलं. पुन्हा घेतला. तसंच. कागदाला वासही येईना. भूक तेवढी वाढत चालली.

वरून खरातबाईंचा भलामोठा डोळा संगणकाच्या पडद्याजवळ आला.

"फोटोत आलीच का मेली! असू दे. नाव वाचता येतंय ना? मग राहू दे तिथंच."