खारपेढ्याची उलटी खुर्ची

हा आमच्या खारपेढ्याचा मांड, गावानं जमायची जागा. जत्रेचं नाटक इथेच होतं. त्या वेळी ही शिसवी खुर्ची सगळ्यांच्या पुढे मांडतात, पण रंगमंचाकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून. बाहेरचे पाहुणे हसतात. गावातलं कोणी हसत नाही.

असं सांगतात की, विसाजी खोतांच्या रानात एकदा हरीण मेलेलं सापडलं, सोललेलं. त्याच दिवशी सोमा चांभाराच्या दारात ओलं कातडं वाळत होतं. सोमा म्हणाला, "बकऱ्याचं आहे, येऊन बघा."

"बघायला कशाला जायचं? मी सांगतो ना," खोत म्हणाले.

याच मांडावर सोमाला चिंचेच्या फोकानं फोडून काढलं. गाव खाली मान घालून उभं होतं. सोमाचा विशीतला मुलगा लखू मिशनच्या शाळेत शिकलेला. तो मध्ये पडला, तेव्हा दोघांनी त्याला धरून ठेवलं. दुसऱ्या सकाळी त्यानं गाव सोडलं.

घाटावर त्याला एका नाटक कंपनीत बैल सांभाळायचं काम मिळालं. अक्षर चांगलं, म्हणून नटांची भाषणं उतरवून द्यायला लागला. उतरवता उतरवता मध्ये आपली वाक्यं घालायचा, आणि नेमक्या त्याच वाक्यांना टाळ्या पडायच्या. कंपनीचे मालक दाजी म्हापणकर यांनी ते ओळखलं. ते रागावले नाहीत.

"विलायतेत एक थोर नाटककार होऊन गेला," दाजी म्हणाले. "हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा. तोही म्हणे जमीनदाराच्या हरणापायी गाव सोडून पळाला होता. तूही लिही."

लखूनं एवढंच विचारलं, "त्या जमीनदाराचं त्यानं पुढे काय केलं?"

"नाटकात घालून त्याचं हसं केलं, असं म्हणतात."

"मी हसवणार नाही," लखू म्हणाला.

नऊ वर्षांत लक्ष्मणरावांची नाटकं गावोगाव गाजली. हे लक्ष्मणराव कोण, ते खोतांना ठाऊक नव्हतं. जत्रेला त्यांनी स्वतःच कंपनी बोलावली आणि ऐटीत या खुर्चीवर बसले.

पडदा वर गेला. सिंहासनावर एक राजा, खोतांसारखाच मिशी पिळणारा. समोर बांधलेला माणूस, नाव सोमा. राजा म्हणाला, "बघायला कशाला जायचं? मी सांगतो ना."

फटके सुरू झाले. उठून जावं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होणार. खोतांनी खुर्ची गर्रकन फिरवली आणि नाटकाकडे पाठ करून बसले. पण आता समोर अख्खं गाव होतं. या वेळी एकानंही मान खाली घातली नाही, म्हणे. नाटक संपेपर्यंत खोत तसेच बसून होते, आणि पाठीमागे फटके पडत होते.

खेळ संपल्यावर लखू बापाच्या पाया पडला. "बा, फिटलं ना?"

म्हातारा म्हणाला, "त्याला किती लागलं, देव जाणे. मला मात्र सगळे फटके पुन्हा लागले. माझं नाव काढ त्यातून."

लखूनं तिथल्या तिथे वही उघडून बापाचं नाव खोडलं. राजाला तोवर नाव नव्हतं. ते त्यानं लिहिलं.

आजही जत्रेला तेच नाटक होतं. मार खाणाऱ्याला त्यात नाव नाही. मारणाऱ्याचं आहे, बापाच्या नावासकट: विसाजी अनंत खोत. नट ते मोठ्यानं उच्चारतो. खोतांच्या घरचं माणूस दरवर्षी येतं, आणि ऐकून घेतं.