विनोदाचा शेवट

सोलापूरच्या रेडिओवर रोज सकाळी अंबादास कोंडा विनोद सांगायचे. सुरुवात मराठीत, शेवट तेलुगूत. आमची आई हातातलं लाटणं घेऊनच चाळीतल्या शेजारच्या तेलुगू नरसव्वांकडे शेवट विचारायला जायची.

एकदा, वर्षापूर्वी पुण्याहून बदलून आलेल्या रेडिओ केंद्राच्या साहेबांनी कोंडांना बोलावलं. "निम्म्या लोकांना शेवट कळत नाही. उद्यापासून एकच भाषा, नाहीतर कार्यक्रम बंद."

"आजचा तुम्हाला कळला का, साहेब?"

"कळला. शेजारच्या गुंडेटींना विचारला."

"वर्षभर शेजारी राहताय. याआधी त्यांच्याशी काय बोललात?"

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "उद्याचाही शेवट तेलुगूतच ठेवा."

आता कोंडा नाहीत, ती चाळही नाही. फ्लॅटमध्ये मला रेडिओवरचे सगळे एकभाषी विनोद शेवटापर्यंत कळतात. शेजारी कोण राहतं, ते मात्र ठाऊक नाही.