शेवटच्या वावराचं पाणी

मत्तय महाराज त्या वर्षी पांझरेकाठच्या भोरखेड्यात मुक्कामाला होते. ख्रिस्ती वस्तीच्या देवळाला लागून एक पडवी होती. तिथे ते स्वतःची भाकरी थापत आणि संध्याकाळी एकतारी घेऊन प्रभूची भजनं म्हणत. पाटाचं पाणी वाटून देणारा शांतवन पाटकरी कामावरून परतताना पायरीवर टेकायचा, एक भजन ऐकून घरी जायचा. त्या बुधवारीही तो तसाच टेकला. तो त्याचा शेवटचा बुधवार आहे, हे कुणाला ठाऊक होतं?

गव्हाच्या ओंबीत दाणा भरायचे दिवस होते. बंधाऱ्यात जेमतेम एका फेरीचं पाणी उरलं होतं. पाणी कमी पडलं की पाळी पाटाच्या शेपटाकडून सुरू करायची, असा भोरखेड्याचा जुना रिवाज. आधी टोकाचं शेवटचं वावर भिजायचं, मग एकेक वावर वर सरकायचं. दारावरून पाणी जाताना पाहूनही वरच्याने हात घालायचा नाही. पाटकऱ्याने वावरांत पाणी नेणाऱ्या सगळ्या चाऱ्यांची तोंडं मातीने लिंपून ठेवायची आणि ज्याची पाळी त्याचंच तोंड उघडायचं.

शेवटचं वावर ठगीबाईचं होतं. ती विधवा बाई, ख्रिस्ती मंडळीतली नव्हे. सगळ्यात वरचा ऊस गमलिएल कारभाऱ्यांचा. ते मंडळीचे पंच, देवळात पहिल्या रांगेत बसणारे.

त्या बुधवारी दुपारी शांतवनची मुलगी सलोमी पाटावर भाकरी घेऊन गेली, तेव्हा कारभारी तिथेच उभे होते.

"उद्याची पाळी मला दे, शांतवन."

"उद्या ठगीबाईची आहे, कारभारी."

"ती काय आपल्या देवळात येते?"

"पाळी देवळाची नाही, पाटाची आहे."

कारभारी सलोमीकडे वळून हसले. "ऐकलंस का गं? चिखल तुडवता तुडवता तुझा बाप मोशे झाला. आता त्याच्यासारखा समुद्र दुभंगव म्हणावं, आम्हीही बघायला येऊ."

ते गेल्यावर सलोमी म्हणाली, "एक पाळी दिली तर काय बिघडतं, आबा? आपलं घर मंडळीचं आहे. ते उद्या बाहेर काढतील."

शांतवनने घास मोडला. "भाकरी छान झालीय," एवढंच तो म्हणाला. सलोमी रागाने फडकं न घेताच परतली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो ठगीबाईच्या चारीचं तोंड उघडायला वाकला. ओल्या मातीत नाग बसला होता. हाताला दंश झाला, आणि दुपारच्या आत शांतवन गेला. महाराजांनी स्वतः त्याचे डोळे मिटले. दोन दिवस बंधारा कुणी उघडला नाही.

शनिवारी सगळे पाटावर जमले. ठगीबाई फावडं धरून एका कडेला उभी होती. तिचा गहू पिवळा पडायला लागला होता. आज पाणी मिळालं नाही तर वर्षभराचं अन्न जाणार होतं.

कारभारी म्हणाले, "शांतवनने पाळी मला कबूल केली होती. त्याची पोरगी तिथेच होती, विचारा तिला." मग तिच्याजवळ येऊन हलक्या आवाजात, "घराची काळजी करू नकोस पोरी. नुसतं हो म्हण."

सलोमीने मान खाली घातली. 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही.

"झालं तर," कारभारी म्हणाले.

"अजून ती बोललेली नाही," महाराज म्हणाले.

"महाराज, तुम्ही एकतारी सांभाळा. पाण्याला भजन कळत नसतं."

बंधारा उघडला. पाटात पाणी आलं. कारभाऱ्यांनी फावड्याने आपल्या चारीचं तोंड फोडलं. पाणी तोंडाशी आलं आणि तिथेच उभं राहिलं.

चारी उताराला होती. तरी एक थेंब आत शिरेना. पलीकडची ढेकळं कोरडी ती कोरडीच. कारभाऱ्यांनी तोंड रुंद केलं, गुडघाभर खोल केलं. पाणी काचेसारखं उभं. खाली शेपटाकडेही ते जाईना.

महाराज सलोमीपाशी आले. "तुझ्यासाठी थांबलंय ते, लेकी. इतके दिवस खरं सांगायला शांतवन होता."

सलोमीने मान वर केली. "आबांनी पाळी दिली नव्हती," ती म्हणाली. "ठगीबाईची आहे, असंच म्हणाले होते ते. मी ऐकलंय."

पाणी हललं. कारभाऱ्यांच्या उघड्या तोंडावरून ते सरळ पुढे गेलं, खाली, शेपटाकडे. ठगीबाई अनवाणी त्याच्या पुढे पळत सुटली.

कारभाऱ्यांच्या हातातलं फावडं गळून पडलं. ते महाराजांच्या पायाशी वाकू लागले तसे महाराज मागे सरले.

"इथे नको. आज पाटकरी नाही. बाईच्या चारीचं तोंड कोण उघडणार?"

कारभारी गेले. जिथे शांतवनला दंश झाला होता, त्याच मातीपुढे त्यांनी गुडघे टेकले. डोकं जमिनीला लागेपर्यंत वाकून त्यांनी ओंजळी-ओंजळीने ती माती काढली, आणि पाणी गव्हात शिरलं.

सलोमी बांधावर उभी होती. सगळ्यांसमोर, वाहत्या पाटाकडे बघत ती म्हणाली, "आबा, तुमचं बरोबर होतं. मला भीती वाटत होती, म्हणून तेव्हा तसं म्हटलं नाही."