उभ्या माणसांची ओतशाळा

पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी मणिपर्ण नावाच्या नगरात धृतिसेन राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व ओताऱ्यांच्या कुळात जन्मला होता आणि सोमिल या नावाने राजाच्या ओतशाळेत मुख्य ओतारी म्हणून काम पाहत होता. काशाचा रस साच्यांत ओतून तिथे राजवाड्यासाठी समया, पराती आणि घंटा घडवल्या जात.

त्या ओतशाळेत एक नियम होता. आत आलेल्या माणसाने बसायचे नाही. मुळात हा नियम माणसांच्याच भल्यासाठी केलेला. रसाने भरलेली मूस, म्हणजे धातू वितळवायचे भांडे, उचलली की सगळ्यांनी उभे राहायचे, कारण मूस कलंडली तर बसलेल्याला वेळेवर पळता येत नाही. पण एका अध्यक्षाने हा नियम मूस उचलण्यापासून भट्टी पेटवण्यापर्यंत ताणला. पुढच्याने तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेला. आताचा अध्यक्ष दर्भक याने त्यावर आपली भर घातली: जो बसला त्याने काम सोडले असे समजावे. दर्भक स्वतः मात्र सावलीत गादीवर बसून असे, आणि कोण बसतो यावर दिवसभर मन लावून नजर ठेवी. नियम मुळात कशासाठी होता हे सर्वांना ठाऊक होते, पण ते बोलून दाखवण्याची कुणाला गरज वाटत नव्हती.

ओतशाळेच्या दाराबाहेर, भिंतीच्या कडेने, काम मागणारी माणसे ताटकळत उभी असत. आत कुणी बसला की द्वारपाल टांगलेल्या लोखंडी पत्र्यावर टोला देई आणि बाहेरच्या एकाला आत घेई. घेण्याआधी तो विचारी, "आधी कुठे भाता चालवलायस का?" नाही म्हणणाऱ्याला तो सांगे, "मग इथे कसं काम मिळणार?" आणि होय म्हणणाऱ्याला सांगे, "मग तिथून का निघालास?" या दोन प्रश्नांच्या मधून जो कसाबसा निसटेल तो आत जाई.

या भिंतीशी पुष्यक नावाचा एक तरुण आपल्या धाकट्या भावाला, शोणकाला, घेऊन उभा राहू लागला. आईवडील गेल्यावर दोघे गाव सोडून आले होते. नगरात ओळख नव्हती, हातात कसब नव्हते. उन्हाळाभर उभे राहता राहता पुष्यकाला एक सवय लागली. आतून भात्यांचा आवाज जरा मंदावला की त्याचे कान टवकारत. कुणीतरी थकला असेल, आता कुणीतरी बसेल, असे त्याला वाटे, आणि तसे वाटताना बरे वाटे. आपल्याला बरे का वाटते हे कळल्यावर त्याला स्वतःची किळस आली. पण दुसऱ्या दिवशी कान पुन्हा टवकारलेच.

शेवटी एकदा टोला पडला आणि द्वारपालाचे बोट पुष्यकाकडे वळले. आत शिरताना, भिंतीला धरून बाहेर पडणारा एक माणूस त्याच्या अंगावरून गेला. पुष्यकाने त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही.

त्याला मोठ्या भट्टीच्या भात्यावर लावले. वरचा दोर धरून उभे राहायचे आणि पायांखालचे चामडी भाते एकामागून एक दाबत राहायचे, असे ते काम होते. भट्टीच्या पलीकडच्या भात्यावर रोहक नावाचा वयस्क माणूस होता. एकाने दाबायचे, दुसऱ्याने सोडायचे. लय चुकली की जाळ पडतो. ही लय रोहकाने त्याला शिकवली. "पायाकडे बघू नकोस," तो म्हणाला, "पाय दिसले की दुखतात." तो हसला, म्हणून पुष्यकही हसला.

रोहकाने एकदा त्याला घरी नेले. ओताऱ्यांच्या आळीत आलेल्या पाहुण्याला कुणी "बसा" म्हणत नसे. तो शब्द तिथे अशुभ झाला होता. "अमका बसला" म्हटले की त्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत, हे सगळ्यांना माहीत होते. रोहकाच्या बायकोने "या, टेका" म्हणत चटई पसरली आणि दोघांपुढे कण्या वाढल्या. भाऊ अजून बाहेरच उभा आहे हे पुष्यकाने सांगितले तेव्हा ती म्हणाली, "लागेल हो त्याचीही वर्णी." आणि मग आपण काय बोललो हे कळून ती चुलीकडे वळली, कारण कुणी बसल्याशिवाय कुणाची वर्णी लागत नव्हती.

त्या वर्षी राजाने नगराच्या महाद्वारासाठी एक प्रचंड घंटा ओतायला सांगितली. दर्भकाने सोमिलाला बोलावून म्हटले, "घंटा निर्दोष उतरली की राजाच्या सगळ्या कर्मशाळांचा अध्यक्ष तू. महाराजांनी शब्द दिलाय. मी सुटलो या उकाड्यातून."

सोमिलाच्या मनात त्या पदाची ओढ होती, पण मानासाठी नव्हती. मुख्य ओतारी झाल्यापासून तो माणसांची पावले सुजलेली पाहत आला होता. फार थकलेल्याला तो उगाच पाणी आणायला नदीवर पाठवी. तेवढेच चार घटका त्याला काठावर टेकता येई. याहून अधिक काही त्याच्या हातात नव्हते. अध्यक्षाच्या हातात मात्र नियम होता. म्हणून त्याने सगळ्यांना जमवून सांगितले, "घंटा उतरेपर्यंत धीर धरा. मग आपण सगळे बसू."

ते वाक्य माणसांनी उराशी धरले. गुडघे वाकू लागले की ते एकमेकांना म्हणत, "घंटा होऊ दे, मग बसू." रोहक सर्वांत जास्त म्हणे. त्याला ताप येऊ लागला होता, पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, पण घंटा आता जवळ आली होती आणि इतकी वर्षे उभे राहून शेवटच्या टप्प्यात बसायचे त्याच्या जिवावर येत होते.

हे सगळे पुष्यकाला समोरून दिसत होते. बाहेर शोणक उपाशी होता. रोहक आज ना उद्या बसणार, आणि बसला की टोला पडणार, हा विचार पुष्यकाने मुद्दाम केला नाही. तो आपोआप येई, आणि लय चालू असताना डोक्यातून जात नसे.

ओतकामाच्या दिवशी सकाळी रोहकाने आपले उपरणे कमरेभोवती घेऊन मागच्या खांबाला लपेटले आणि हळूच हाक मारली. "पुष्यका, मागची गाठ मार रे. माझा हात पोचत नाही."

"काका, हे कशाला?"

"आज पाय फसवतील असं वाटतंय. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

पुष्यकाने गाठ मारली. ती त्याने सैल मारली. आपण ती सैल मारतो आहोत हे त्याच्या हातांना ठाऊक होते.

"सैल आहे रे," रोहक म्हणाला. "आणखी आवळ."

त्याने आवळली. मग तो आपल्या भात्यावर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने सोमिल साच्याकडे जाता जाता भट्टीपाशी थांबला. त्या दिवशी त्याच्यामागे शंभर व्यवधाने होती, तरी त्याने विचारले, "रोहका, बरा आहेस ना?"

"बरा आहे, आचार्य."

सोमिलाचे समाधान झाले नाही. तो पुष्यकाकडे वळला. "तू समोर असतोस. तू सांग. कसा आहे हा?"

सांगितले असते तर सोमिलाने रोहकाला त्या क्षणी नदीवर पाठवला असता, आणि त्याची जागा त्याचीच राहिली असती. "बरे आहेत काका," तो म्हणाला. सोमिल साच्याकडे निघून गेला.

दुपारी रस तयार होत आला. भट्टीचा जाळ पांढरा झाला, आणि तेवढ्यात पलीकडचा भाता थांबला. पुष्यकाने आपला दाब दिला आणि वाट पाहिली. उलट दाब आला नाही. रोहक खांबाशी उभा होता, मान छातीवर आली होती, दोर हातातून सुटला होता. पुष्यकाने हाक मारली, मग ओरडला. माणसे धावली. रोहक उभ्या उभ्याच मेला होता.

दाराशी द्वारपाल हातोडा घेऊन गोंधळून उभा राहिला. "स्वामी," त्याने दर्भकाला विचारले, "टोला देऊ का? हा बसलेला नाही."

दर्भक गादीवरून उठून आला. त्याला खरेच गहिवरून आले होते. "पाहा," तो सगळ्यांना म्हणाला, "याला म्हणतात सेवक. मरण आलं, पण बसला नाही. याचं नाव आपण घंटेवर कोरू. चला, जाळ पडू देऊ नका."

सोमिल आला. त्याने खांबामागे हात घालून गाठ चाचपली. ती अशा ठिकाणी होती की रोहकाला स्वतः बांधता आली नसती. त्याने कुणाला काही विचारले नाही. मोठ्याने फक्त एवढे म्हटले, "मुशी जमिनीवर ठेवा. भाते थांबवा."

"सोमिला, रस गोठेल!" दर्भक ओरडला.

"गोठू द्या."

भाते थांबले. ओतशाळेत इतकी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती. सोमिलाने गाठ सोडली, रोहकाचे शरीर हातांवर घेतले, आणि त्याचे डोके मांडीवर ठेवून तो खाली जमिनीवर बसला.

दर्भक त्याच्यापाशी वाकला आणि आवाज उतरवून बोलू लागला. तो वाईट बोलत नव्हता, हेच अवघड होते. "वेडेपणा करू नकोस. हा गेला तो गेला. जाळ पुन्हा पेटव, संध्याकाळपर्यंत घंटा होईल. उद्या पद तुझं, नियम तुझा. तू आज बसलास तर या बाकीच्यांना कोण बसवणार?"

सोमिल म्हणाला, "उद्या बसू असं सांगून यांना मीच उभं ठेवलं. हा माझ्या शब्दावर उभा होता. उद्यापर्यंत पोचला नाही."

"मग काय करणार आहेस बसून?"

"काही नाही. याच्याजवळ बसणार आहे."

दर्भकाने द्वारपालाला खूण केली आणि टोला पडला. तो सोमिलासाठी होता. काही माणसे पुढे आली आणि रोहकाच्या पायांशी बसली. त्यांच्यासाठीही टोले पडले. पुष्यकाने नुसता दोर सोडला असता तरी तो बसला असता. पण तो दोर घट्ट धरून उभा राहिला. दारातून नवी माणसे आत आली, त्यांत शोणक होता. त्याला रोहकाच्या भात्यावर उभे केले. आनंदाने त्याचा चेहरा फुलला होता. "दादा," तो भट्टीपलीकडून म्हणाला, "नशीबच म्हणायचं, नाही? एकदम इतके जण बसले."

पुष्यकाने पायाखालचा भाता दाबला.

सोमिलाने रोहकाला खांद्यावर घेऊन त्याच्या घरी पोचवले आणि त्याच संध्याकाळी नगर सोडले. उकाड्याने मुख्य ओताऱ्याचे डोके फिरले, असे राजाला सांगण्यात आले आणि राजाला ते पटले. त्या दिवशीचा रस वाया गेला, आणि पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या देशातून आणलेल्या ओताऱ्याने घंटा उतरवली. तिचा नाद फार गोड होता असे म्हणतात. नियम बदलला नाही. घंटेवर रोहकाचे नाव मात्र कोरले गेले, आणि नव्या माणसाला कामावर घेताना ते त्याला दाखवण्याची पद्धत पडली.

पुष्यक पुष्कळ वर्षे उभा राहिला. मग एके दिवशी काही न ठरवताच तो बसला. टोला पडला, आणि तो भिंतीला धरून बाहेर आला. आत शिरणाऱ्या तरुणाने त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही.

विचारत विचारत तो सोमिलाकडे पोचला. एका खेड्यात सोमिल पळ्या आणि पणत्या ओतत होता. मिळकत जेमतेम होती. मूस उचलली की त्याची माणसे उभी राहत आणि मूस ठेवली की बसत. सोमिलाने पुष्यकाला ओळखले आणि पाट पुढे सरकवला. पुष्यक उंबऱ्यातच उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"आचार्य, ती गाठ मी मारली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मला सगळं ठाऊक होतं."

"तू खोटं बोललास ते मला त्याच वेळी कळलं होतं," सोमिल म्हणाला. "घंटा व्हायची होती, म्हणून मी तुझ्यावर विश्वास ठेवला. पाय दाखव बघू."

त्याने कढत पाणी आणून स्वतःच्या हातांनी पुष्यकाचे पाय शेकले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला साच्यांची माती मळायचे काम दिले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भिक्षुसंघाच्या गुरूंनी, एका विहारात सांगितली. तिथे दोन भिक्षू एका कुटीत राहत. थोरल्याकडे चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, वाटण्याचे काम होते. त्याला ज्वर भरला होता, पण काम जाईल म्हणून तो हे लपवीत होता. धाकट्याला ते माहीत होते, आणि थोरल्यानंतर ते काम आपल्याकडे येईल हेही माहीत होते, म्हणून विचारणाऱ्यांना तो "बरे आहेत" असे सांगत असे. शास्त्यांनी त्याला बोलावले नाही, दोष दिला नाही. सगळ्या संघासमोर ही कथा तेवढी सांगितली.

मग त्यांनी जन्मांची ओळख दिली. "तेव्हाचा शोणक म्हणजे काल प्रव्रज्या घेऊन भिक्षू व्हायला आलेला तरुण. सोमिल मीच होतो." दर्भक कोण, ते त्यांनी सांगितले नाही, आणि कुणी विचारलेही नाही. पुष्यक कोण, हे खाली मान घालून बसलेल्या एकाला सांगावे लागले नाही.

"आणि रोहक, भन्ते?" त्यानेच दबल्या आवाजात विचारले.

"रोहक तुझ्या कुटीत पडला आहे," शास्ते म्हणाले. "या खेपेला तो अजून जिवंत आहे."

त्यानंतर शास्त्यांनी या कथेतल्या गुणाचे नाव उच्चारले: करुणा. संघाने ते ऐकले. धाकट्या भिक्षूने ऐकले नाही. तो केव्हाच उठून कुटीकडे धावत सुटला होता.