कंपनीचा हात

महाराजांच्या मोटारीतला रेडिओ मुका झाला आणि आळ आला केरोबा जीनगरावर.

वेतगड संस्थानात रेडिओ असलेली मोटार ही एकच. महाराजांनी तो गेल्या दिवाळी पाडव्याला थेट विलायतेतल्या कंपनीकडून मागवला होता, वर्षाच्या हमीसकट. चैत्रात केरोबानं मोटारीच्या गाद्यांना नवं कातडं शिवलं आणि दुसऱ्याच दिवशी रेडिओ बंद पडला. कारभाऱ्यांनी कंपनीला दोन पत्रं लिहिली, दोन उत्तरं आली, श्रावण उजाडला, तरी रेडिओ गप्पच. वैतागलेल्या महाराजांनी मग केरोबाला दरबारात उभं केलं.

"तुझी आरी आत कुठंतरी तारेला लागली," महाराज म्हणाले. "हमी संपते त्या दिवाळी पाडव्याच्या आत रेडिओ बोलला पाहिजे. नाही बोलला तर संस्थानचं घर सोडायचं. मोटार हद्दीबाहेर जायची नाही. खजिन्यातला पैसा जायचा नाही. आणि इथल्या कुणाचा हात रेडिओला लागायचा नाही. परका हात लागला की हमी गेली, असं कंपनीनं लिहिलंय."

"मग सरकार, तो बोलता कसा करायचा?"

"ते तू बघ."

महाराज बोललेलं फिरवत नसत. रेडिओ बंद पडल्या दिवसापासून त्यांनी मोटारीपाशी बंदूकवाला पहारेकरीसुद्धा बसवलेला होता.

केरोबा घरी आला तो भिंतीला टेकून बसला. ताट वाढलं तरी उठेना. तीस वर्षं ज्या दरबाराची खोगिरं शिवली, त्याच दरबारात सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली होती. त्याची मुलगी मैना संस्थानच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली होती. तिनं बापाचं ताट झाकून ठेवलं आणि सरळ कारभारी बाळाजीपंतांचं दप्तर गाठलं.

"पंत, कंपनीची पत्रं बघायला मिळतील का?"

पंतांनी दोन्ही पत्रं पुढे सरकवली. पहिल्यात लिहिलं होतं, 'यंत्र दुरुस्तीस आमच्याकडे पाठवावे. मात्र ते मोटारीतून कंपनीच्या माणसानेच काढावे. परका हात लागल्यास हमी रद्द.' त्यावर पंतांनी माणूस पाठवा असं कळवलं होतं. दुसऱ्या पत्रात उत्तर होतं, 'दुरुस्तीसाठी माणूस परदेशी पाठवण्याची कंपनीची पद्धत नाही.'

मैनानं दोन्ही पत्रं पुन्हा वाचली.

"पंत, महाराजांकडे एकंदर मोटारी किती?"

"सात."

"म्हणजे रेडिओ नसलेल्या सहा. एवढंच कंपनीला कळवा. रेडिओ बिघडलाय त्याचं काही लिहू नका."

पंतांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा घातला आणि टाक उचलला. पत्र गेलं. तक्रारीला उत्तर यायला दर वेळी दोन महिने लागले होते. या पत्राला ते पोचल्याच्या दिवशीच तारेनं उत्तर आलं, 'माणूस निघाला.'

आश्विनात हॅडली नावाचा गोरा साहेब नमुन्याचा रेडिओ घेऊन वेतगडात उतरला. मैनानं पंतांना आधीच सांगून ठेवलं होतं, "साहेब आले की पहारा उठवा. त्यांना पहिल्यांदा मोटार दाखवा, आणि दरबाराला तिथंच बोलवा."

महाराज, मानकरी, केरोबा, सगळे मोटारीभोवती जमले. साहेबानं आपल्या कंपनीचा रेडिओ पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. तो ऐटीत आत बसला नि खुंटी फिरवली. आवाज नाही. पुन्हा फिरवली. मग त्यानं रेडिओच्या डोक्यावर तळहातानं दोन थापट्या मारल्या. तरी आवाज नाही.

"हा बिघडलाय," साहेब म्हणाला. तो इंग्रजीत बोले आणि पंत मराठीत सांगत. "कारखान्यात पाठवावा लागेल."

मैना पुढे झाली. "तो मोटारीतून काढायचा कुणी?"

"कंपनीच्या माणसानं. तशी अटच आहे."

"मग आपण काढा ना."

साहेब हसला. "मी विक्रीचा माणूस. हमीच्या बाबतीत माझा हात कंपनीचा धरता येणार नाही."

पंतांनी हे सांगताच केरोबानं डोळे मिटले. मैना मात्र महाराजांकडे वळली.

"सरकार, सहा महिने या रेडिओला परका हात लागला नाही. आपला पहारेकरी साक्षीला आहे. आत्ता मात्र साहेबांनी खुंटी फिरवली, वर थापट्याही मारल्या. हा हात परका असेल, तर आमची हमी साहेबांनी मोडली. मग त्यांनी सोबत आणलेला नवा रेडिओ भरपाई म्हणून द्यावा. हात कंपनीचा असेल, तर कंपनीचा हात यंत्राला लागलाच आहे, त्यानं पुढचं कामही उरकावं. कुठला हात, ते साहेबांनी ठरवावं. आम्हाला दोन्ही चालतील."

पंतांनी एकेक शब्द सावकाश इंग्रजीत सांगितला. साहेब बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिला. मग त्यानं कोट काढला.

"कंपनीचा," तो म्हणाला.

महाराज हसायला लागले ते त्यांना आवरेना. मानकऱ्यांनी अदबीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग तेही हसले.

साहेबानं पेचकसानं यंत्र उघडलं. एका तारेचं टोक कारखान्यातच नीट जोडलेलं नव्हतं, ते हादऱ्यांनी सुटलं होतं. आरीचा ओरखडासुद्धा कुठं नव्हता. तांबटाकडून तापलेली सळई आणवून साहेबानं तार पक्की केली, खुंटी फिरवली, आणि आतून कुणी बाई यमन गाऊ लागल्या.

"पोरी, काय हवं ते माग," महाराज म्हणाले.

"सरकारांनी बाबांना दरबारात दोष दिला. दरबारातच तो मागे घ्यावा."

हसणं थांबलं. पंत जमिनीकडे पाहू लागले. महाराजांनी बोललेला शब्द मागे घेतल्याचं तिथल्या कुणालाच आठवत नव्हतं. महाराज थोडा वेळ गाणं ऐकत उभे राहिले. मग केरोबासमोर गेले.

"केरोबा, तुझा काही दोष नव्हता. आम्ही चुकलो."

केरोबानं वाकून मुजरा केला, आणि वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"हे झालं तुझं मागणं," महाराज मैनाला म्हणाले. "आता आमच्या मनचं ऐक. राहतं घर आजपासून केरोबाच्या नावावर. आणि परदेशातून येणारं प्रत्येक पत्र यापुढे आधी तू वाचायचं, मग पंतांनी, मग आम्ही."

एवढं बोलून महाराजांनी साहेबाच्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांना पुन्हा हसू फुटलं.