तिसऱ्या तळ्याचा गडवा

एका राज्यात, जिथे वाटा संपत आणि घनदाट रानातली तीन तळी सुरू होत, तिथे अरिंजय नावाचा राजा होता. तिसऱ्या तळ्याच्या बेटावर मायावी जटाळाचा पाणी प्यायचा सोन्याचा गडवा होता. राजाला तो हवासा झाला. घरी सोने कमी होते का? पण हाव ती हाव!

रायाजी नावाड्याने त्याला दोन माणसांच्या निमुळत्या होडीतून नेले. नावाड्यांची रीत अशी, की होडीत बसेल त्याने वल्हवावे. राजा परतताना दोन्ही हातांनी गडवा कवटाळून बसला. रायाजी भिडेपोटी गप्प राहिला आणि एकटाच वल्हवत आला. रीत मोडू दिली म्हणून, तिसऱ्या तळ्याच्या काठाला पाय लागताच, जटाळाच्या मायेने रायाजीचा दगड झाला.

रायाजीची बायको केवळा दरबारात आली.

"महाराज, माझा माणूस परत द्या."

राजाने मान खाली घातली. खिडकीत खंड्या पक्षी बसला होता. तो म्हणाला, "तीन कामे आहेत. पहिले तळे राजाने केवळेसोबत वल्हवावे. पहिल्या दोन तळ्यांमधल्या डोंगरावरून होडी एकट्याने डोक्यावर वाहावी. तिसऱ्या तळ्यात दगड होडीत घेऊन, एकट्याने वल्हवत, गडवा परत करावा. वल्हे हातचे सुटता कामा नये. उद्या सूर्य मावळला, की दगड तो दगडच."

पहिल्या तळ्यात राजाच्या तळहातांना फोड आले. डोंगरापाशी होडी डोक्यावर घेतली, तर मुकुट आड येऊ लागला. केवळेने तो भाकरीच्या फडक्यात बांधला. राजा ठेचकाळत डोंगर उतरला. दुसरे तळे दोघांनी मिळून वल्हवले.

तिसऱ्या काठी दोघांनी मिळून दगड होडीत चढवला. केवळा काठावर थांबली. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. सूर्य झाडांना टेकला होता.

तळ्याच्या मध्यावर वारा उठला. होडी एका अंगाला कलली आणि गडवा घरंगळत कडेला गेला. हात पुढे केला असता तर सापडला असता. राजाने वल्हे सोडले नाही. गडवा बुडाला.

"घात झाला!" राजा ओरडला.

"कसला घात?" वरून खंड्या म्हणाला. "गडवा तळ्याचा. तळ्याला पोचला."

तेवढ्यात मागून आवाज आला, "महाराज, जरा बेताने. सगळे पाणी माझ्या अंगावर उडते आहे."

रायाजीने दुसरे वल्हे उचलले. दोघे वल्हवत काठाला आले.

"इतके दिवस कुठं होतात हो!" म्हणून केवळा रडली, आणि रडता रडता त्याला पोटभर बोलली. भिडस्तपणाबद्दल त्याहून जास्त बोलली.

"भूक लागली आहे," रायाजी म्हणाला. त्याने फडके सोडले. आत मुकुट निघाला.

"हे काय?"

"महाराजांचं आहे. भाकरी खाली आहे."

राजाने मुकुटाला लागलेले पीठ झटकले, तो बाजूला गवतावर ठेवला आणि अर्धी भाकरी मागून घेतली.