चावडी चौकातल्या कुरडया

नगराध्यक्ष दादासाहेब रणनवरे मेथीच्या जुड्यांवर जाऊन बसले आणि मोरदऱ्यात बॅटरीच्या सायकलींवर बंदी आली!

झालं असं की दादासाहेब चावडी चौकात, भर रस्त्यात उभं राहून फोनवर बोलत होते. मागून बॅटरीची सायकल आली. तिला ना फटफट, ना घरघर. कानाशी वारा लागला तेवढाच. दादासाहेब दचकून मागं सरले ते थेट भाजीवालीच्या पाटीत! तिथं हसायची कुणाची छाती? सगळे घरी जाऊन हसले.

संध्याकाळी गावभर भोंगा फिरला. "परवापासून चावडी चौकात बॅटरीची सायकल दिसली की जप्त!"

आता मोरदऱ्यात सगळे रस्ते चौकातच येऊन मिळतात. चौक टाळून जायचं म्हटलं तर उडत जावं लागेल. हौसाबाई टेंभरेला तर गुडघ्यांमुळं धड चालवतही नव्हतं. ज्वारीच्या भाकरी थापायच्या आणि बॅटरीच्या जुन्या सायकलीवरून खानावळींना पोचवायच्या, यावर तिचं घर चालायचं. सायकल गेली की चूल गेली. सकाळी ती पिठाच्या हातांनीच नगरपरिषदेत शिरली.

"दादासाहेब, सायकली कशापायी बंद केल्या?"

"वेड्यासारख्या पळवता म्हणून! आम्ही शिकवायचं काय बाकी ठेवलं? सुरक्षा सप्ताह केला, मांडव घातला, भाषणं दिली, वर चिवडा वाटला!"

"वाटला की! भाषण संपल्यावर चिवड्यासाठी सगळ्यांनी अशा सायकली हाणल्या की मांडवाचा खांबच आडवा झाला!"

बाजूचा कारकून खोकला आल्यासारखं करून बाहेर पळाला. दादासाहेब लाल झाले.

"लई जीभ चालते तुझी! मग तूच शिकव! उद्या सकाळी चौकातनं प्रत्येक सायकल माणसाच्या पावलानं गेली पाहिजे. पोलीस मिळणार नाही. गतिरोधक नाही, पाटी नाही, दंड नाही. परिषदेचा रुपया नाही. रस्ता बंद करायचा नाही आणि तोंडानं कुणाला 'हळू' म्हणायचं नाही!"

"आणि जमलं तर?"

"तर बंदी उठली! नाही जमलं तर पहिली जप्ती तुझ्या सायकलीची. मी स्वतः येतो माझ्या सायकलीवर. बघतो, मला कोण हळू चालवायला लावतंय ते!"

हो, सायकल दादासाहेबांकडेही होती. पोट कमी व्हावं म्हणून लेकीनं दिलेली. ते ती अशी पळवायचे की कुत्रीसुद्धा पाठलाग सोडून बसायची. पण नियम करणाऱ्याचा वेग कोण मोजतो?

हौसाबाई तिथून निघाली ती थेट आळीतल्या बायकांकडं. दिवस चैत्राचे. घरोघरी कुरडयांचा गहू भिजलेला.

"उद्या कुणाकुणाचा चीक शिजतोय गं? कुरडया चौकात घाला. ऊन तिथं सकाळपासनं असतं."

"गच्ची काय वाईट आहे?"

"गच्चीवर माकडं येतात."

"आणि चौकात येत नाहीत? सायकलीवरनं जातात की!"

"ती येतील, पण कुरडयांना हात लावणार नाहीत!"

उजाडताच चीक शिजला. चौकात जुन्या साड्या अंथरल्या, एक डावीकडून, एक उजवीकडून. मधून बैलगाडी जाईल एवढी वाट सोडली, पण नागमोडी. सोऱ्या फिरू लागला आणि साड्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया उमटल्या. मग बायका सावलीला बसल्या, तोंडाला कुलूप लावून. हे सगळ्यात अवघड काम!

पार्सलवाला बाणासारखा आला. कुरडया दिसल्या आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला. पाय टेकत टेकत, जीव मुठीत धरून पलीकडं गेला. मागून कॉलेजच्या पोरी आल्या, दूधवाला आला, तालमीतले पैलवान आले. सगळे गोगलगाय!

मग उतारावरून दादासाहेब निघाले. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. बायकांनी पदर खोचले. हा माणूस हट्टाला पेटला तर कुरडयाही जाणार आणि हौसाची सायकलही!

चाक पहिल्या साडीच्या काठाशी आलं. ब्रेक किंचाळला. दादासाहेब खाली उतरले, धोतर सावरलं आणि नुकत्या सारवलेल्या घरातून जावं तसे चवड्यांवर चालू लागले, सायकल हातात धरून.

हौसाबाई उठली. "उतरलात का, दादासाहेब? पोलीस नाही, पाटी नाही, दंड नाही. हाणा की जोरात!"

"अगं, कुरडया आहेत ना!"

"मग? गव्हाच्याच आहेत."

"गहू भिजवायचा, पहाटे उठून चीक घोटायचा... त्यावर चाक घालू? बायकोला कळलं तर मला ताट तरी वाढेल का?"

"याच चौकातनं पोरं शाळेला जातात, तवा कुणाचा हात ब्रेककडं गेला नाही. कुरडईला मात्र सगळं गाव भ्यालं!"

दादासाहेबांनी मान खाजवली. पण सहजासहजी हरतील तर ते नगराध्यक्ष कसले!

"ठीक आहे. पण कुरडया वाळल्यावर काय करशील?"

"पापड घालू. पापड उचलले की मिरच्या."

"आणि पावसाळ्यात?" दादासाहेबांनी विजयी मुद्रेनं विचारलं. "पावसाळ्यात काय वाळत घालणार, बाई?"

"पावसाळ्यात आम्ही कशाला तसदी घ्यायची? तुमच्या परिषदेचे खड्डे आहेत की!"

दादासाहेबांनी डोळे वटारले, मिशी थरथरली आणि मग असे खदाखदा हसले की सायकल हातातून सुटता सुटता राहिली!

बंदी तिथल्या तिथं उठली. पुढच्या सुरक्षा सप्ताहाचं भाषण हौसाबाईनंच करायचं ठरलं. आणि तिच्या सायकलीला परिषदेच्या खर्चानं नवीकोरी बॅटरी बसली, तीही समिती न नेमता, त्याच दिवशी!